तुजपाशी पोर मी, बाय

दरवर्षी मार्च उजाडला की आमच्या बोरिवलीच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक कागद चिकटतो. 'दहावी-बारावीच्या परिक्षा चालू आहेत, कृपया कोणीही मोठ्याने गाणी लावू नयेत.' आणि दरवर्षी मी पर्समधलं लाल पेन काढून त्यातला 'रि' दीर्घ करते. "बाई, तुम्ही रिटायर झालात ना?" यंदा सेक्रेटरींनी विचारलंच. झाले की. पण बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, चूक दिसली की हात शिवशिवतात. जित्याची खोड, दुसरं काय. लोक मला जरा टरकून असतात आणि त्याचं मला, खोटं कशाला सांगू, थोडं सुखच वाटतं. फक्त मार्चात वाटत नाही. मार्चात मला माझ्या एका जुन्या दुरुस्तीची लाज वाटते.

यंदा कागद लागला त्याच संध्याकाळी माझी मुलगी जुई ऑफिसातून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, "आई, तुझं ते सीटवालं गाणं परत कुणीतरी गायलंय. ऐक ना, झकास आहे यार." तिने फोन ओट्यावर ठेवला. कुणी तरुण मुलगी होती, सोबत एकच गिटार. फार हळू गात होती, दर ओळीनंतर थांबत होती, जणू पुढची ओळ आठवावी लागत होती. मी कुकरचा गॅस बंद केला. चाल तीच होती, शब्द तेच होते, एकही चूक नव्हती. मी म्हटलं, छान आहे. जुई म्हणाली, "तू प्रत्येक वेळी छान आहे म्हणतेस आणि प्रत्येक वेळी तोंड पाडतेस."

तिचं बरोबर आहे. त्या गाण्याची जेवढी रूपं तिने मला शोधून दिली तेवढी मी ऐकली. मला हवं ते त्यांत नाही, आणि नसणार हेही मला ठाऊक आहे.

गाणं मूळचं अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांकडचं. शेतं, घोडे, लांबची गाडी, मागे राहिलेलं घर असल्या गोष्टींवर गाणारी एक जमात तिकडे असते. त्यांतल्याच एका जाड, सावकाश आवाजाच्या माणसाचं ते गाणं. तिकडे ते गाजलं आणि मग कशी कोण जाणे, त्याची तबकडी अंधेरीला मरोळच्या गावठाणात येऊन पोचली. तेव्हा आम्ही तिथे राहायचो. पुढे अ‍ॅग्नेस आंटीचं कौलारू घर, मागे तिने भाड्याने दिलेल्या चार खोल्या, त्यांतली विहिरीकडची आमची. आंटी ईस्ट इंडियन. म्हणजे इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. देवळाऐवजी चर्चमध्ये जाणारी, एवढाच फरक. तिची मराठी तर आमच्यापेक्षा जुनी होती. रविवारी सकाळची मिसा आटोपून ती घरी आली की आधी चुलीवर मटण चढायचं आणि मग ती तबकडी लागायची. मसाल्याचा, व्हिनेगरचा वास आणि तो जाड आवाज एकदमच आमच्या खोलीत शिरायचे. आजही त्या गाण्याला मला व्हिनेगरचा वास येतो.

मग हळूहळू ते गाणं सगळ्यांचं झालं. गावठाणात लग्न निघालं की आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जात, आणि पुढे चालणारा बँड हेच गाणं ट्रम्पेटवर वाजवी, तेही अशा उडत्या ठेक्यात की म्हाताऱ्यासुद्धा कमरेवर हात ठेवून नाचत. मूळ गाणं रडवेलं आहे हे त्या बँडवाल्यांना कुणी सांगितलंच नसावं. पुढे अंधेरी स्टेशनाबाहेरच्या पदपथावर त्याची कॅसेट आली, इथल्याच कुणी गायलेली, मागे ढोलक. एका हिंदी सिनेमाने तर चालच उचलली आणि नायक-नायिकेला बर्फात नेऊन लोळवलं. दर वेळी अ‍ॅग्नेस आंटी नाक मुरडायची आणि दर वेळी पाय मात्र ठेक्यात हलवायची.

पण दहावीच्या परीक्षेचे दिवस आणि आंटीच्या मोठ्या उपासाचे दिवस एकत्र येत. ईस्टरच्या आधीचे ते चाळीस दिवस. त्या दिवसांत घरात मटण नाही, लग्न नाही, गाणंबजावणं नाही. आंटी रेकॉर्ड प्लेअरवर स्वतः विणलेला पांढरा रुमाल टाकायची आणि वर फुलदाणी ठेवायची, म्हणजे कुणाला मोह व्हायला नको. गावठाण गप्प होई. विहिरीभोवती फेऱ्या घालत निबंध घोकणारी मी, पिंपळाची नवी तांबूस पानं, दुपारच्या वेळी डोक्यावरून खाली उतरणारी विमानं, आणि एरवी नुसती शांतता. त्या वर्षी त्या शांततेत ते गाणं एकाच ठिकाणी चालू होतं. आमच्या खोलीत.

आमच्या घरात आईला 'बाय' म्हणायची रीत. रत्नागिरीकडे पुष्कळ घरांत असते. माझी आई माझी बाय, आणि तिची आई तिची बाय. माझे वडील कुर्ल्याच्या एका गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि दोन वर्षं इकडेतिकडे धडपडून ते मस्कतला गेले, यंत्रं दुरुस्त करायला. खोलीत उरलो आम्ही दोघी. बाय तेव्हा चौतीस-पस्तीसची असेल. आज जुई आहे त्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी. हा हिशेब मी अलीकडेच केला आणि दोनदा तपासला. कारण मला ती त्या वेळी वयस्कर वाटायची. अंबाड्याची, कपाळाला आठी असलेली, जिला काही कळत नाही अशी बाई.

बाय चौथी शिकलेली. इंग्रजीचा गंध नाही. तरी ते गाणं तिला फार आवडायचं. त्याचं पालुपद होतं, 'कीप अ सीट फॉर मी बाय द फायर.' आता तो गाणारा शब्दांना अशी मुरड द्यायचा की 'फायर'चा 'फाया' व्हायचा आणि 'कीप अ सीट' एका दमात निघून जायचं. बायच्या कानाला त्यात सरळ मराठी ऐकू आली. पाशी. पोर मी. बाय. छाया. तिने ते जुळवून घेतलं आणि गायला लागली, 'तुजपाशी पोर मी, बाय, दे छाया.'

पुन्हा एकदा वाचा. मी इंग्रजीची मास्तरीण, मी हे सांगते आहे, की असं भाषांतर कुणाला ठरवून जमणार नाही. तिला खरोखर वाटत होतं की गाण्यात हेच म्हटलंय. कुणी मुलगी आपल्या आईला सांगते आहे की तुझ्याजवळ मी अजून पोरच आहे, मला सावली दे. बाकीचं इंग्रजी तिला कळत नव्हतं, म्हणून त्या जागी ती आपल्या ओव्या घालायची. तांदूळ निवडताना, कपडे वाळत टाकताना. 'रस्ता गो लांबचा, दुखून आलं पाय, तुजपाशी पोर मी, बाय, दे छाया.' अमेरिकेतली चाल आणि जात्यावरचे शब्द. तिचा आवाज चांगला होता असं नाही. वरच्या सुरात फाटायचा. ती तिथे थांबायची, खाकरायची आणि परत तिथूनच धरायची.

त्या वर्षी जानेवारीत गावाहून पत्र आलं होतं की आजी, म्हणजे बायची बाय, अंथरुणाला खिळली आहे. बायने पत्र वाचून देवापुढच्या डब्याखाली ठेवलं. अ‍ॅग्नेस आंटी म्हणाली, "जा गो तू. पोरीला मी बगते. माझ्याकडे जेवंल, माझ्याकडे निजंल."

"नको," बाय म्हणाली. "तिची दहावी हाय."

आंटीने पुन्हा सांगितलं. बाय पुन्हा नको म्हणाली. मी आत इतिहासाच्या सनावळ्या पाठ करत होते आणि मला, खरं सांगते, बरंच वाटलं. बाय गेली असती तर सकाळी चहा कुणी दिला असता? फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा चालू असताना आजी वारल्याची तार आली. बाय गावी गेली नाही. जाऊन काय करणार होती, सगळं उरकलं होतं. तिने विहिरीवर अंघोळ केली, तीन दिवस गोडधोड केलं नाही, आणि चौथ्या दिवशी माझा डबा भरताना ती गाणं म्हणत होती.

मी ते ऐकलं. पण आजीची तार आणि ते गाणं यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. पंधरा वर्षांच्या हुशार मुलीच्या डोक्यात फार गोष्टी येत नाहीत. ती जागा मार्कांनी भरलेली असते.

इंग्रजीचा पेपर मला उत्तम गेला. त्या तयारीत आंटीचा हात होता. ती मला मोठ्याने वाचायला बसवायची, उच्चार घोटून घ्यायची. 'फ' म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर, 'व्ही' म्हणताना तसंच, पण घशातून. तिच्याकडे एक जाड वही होती, आवडत्या गाण्यांचे शब्द सुबक अक्षरात उतरवलेली. पेपर झाल्यावर ती वही मी चाळायला घेतली आणि त्यात ते गाणं सापडलं. पहिल्यांदा मला ते पूर्ण कळलं. पहिल्यांदाच एक अख्खं इंग्रजी गाणं मला कुणाच्या मदतीवाचून कळलं. त्या आनंदाला मी काही नाव ठेवत नाही. पण तो आनंद घेऊन मी गप्प बसायला हवं होतं.

दोन-तीन दिवसांनी पापड होते. उन्हं तापली होती. आंटीच्या पडवीत बाय, आंटी आणि शेजारच्या दोघी बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या. उडदाच्या पिठाचा, हिंगाचा वास, तेलाने चकचकीत हात. मी वाळत घातलेल्या पापडांवरून कावळे हाकत होते. लाटता लाटता बायने गाणं धरलं. आंटीने उपासाच्या दिवसांतलं आपलं व्रत जरा बाजूला सारून हळूच सूर लावला. आणि ती बायचेच शब्द गात होती. खरे शब्द तिच्या वहीत होते, तिच्या हाताने लिहिलेले. तरी ती 'तुजपाशी पोर मी' म्हणत होती. मला हे विचित्र वाटलं. मला वाटलं, आंटी बायला फसवते आहे.

मी म्हटलं, "बाय, ते तसं नाहीये."

"काय तसं नाय?"

"शब्द. पोर मी, बाय नाहीये ते. फॉर मी बाय आहे. फॉर म्हणजे साठी. बाय म्हणजे जवळ."

आंटीने माझ्याकडे पाहिलं. "रावदे गो पोरी. गाना हाय, पेपर नाय."

पण मी रावू दिलं नाही. मी बायसमोर उकिडवी बसले आणि तिला 'फ' शिकवायला लागले. वरचे दात खालच्या ओठावर ठेव. हवा सोड. फॉर. बायने पिठाचे हात वर धरून प्रयत्न केला. "पोर," ती म्हणाली. शेजारणी हसल्या. तिने पुन्हा केला. "पोर." मीही हसले. बायसुद्धा हसली, पण तिचे कान लाल झाले होते. मग मी गाण्याचा अर्थ सांगितला, परीक्षेत संदर्भासहित स्पष्टीकरण लिहितात तसा. एक माणूस आहे. तो कामासाठी फार लांब गेलाय. तो घरी बायकोला सांगतोय की चुलीपाशी माझा पाट मांडून ठेव, मी येईन.

बायचं लाटणं थांबलं.

"मंजे तो बाप्या हाय व्हय?"

"हो."

"आनि लांब गेलाय."

"हो ना. परदेशी."

"बरं," बाय म्हणाली, आणि तिने पुढची लाटी घेतली.

त्यानंतर कुणी काही गायलं नाही. दुपारभर पोळपाटांचा आवाज येत राहिला. त्या दिवसापासून पुढे माझ्यासमोर बायने ते गाणं कधी म्हटलं नाही. ईस्टरला आंटीने रुमाल काढून तबकडी लावली, तेव्हा बाय आमच्या खोलीत भांडी घासत होती. दार तिने लोटून घेतलं होतं.

मला वाटलं, हसलो म्हणून रागावली. कितीतरी वर्षं मी हेच समजून होते. कॉलेजात गेले, शिक्षिका झाले, लग्न झालं, जुई झाली. जुई पाळण्यात असताना एका दुपारी तिला थोपटत मी ती चाल गुणगुणायला लागले आणि पालुपदापाशी येऊन अडकले. बाय तेव्हा गावी होती. मला एकदम तिची इतकी आठवण आली की मी मुलीला थोपटायची थांबले. माझ्या तोंडून बरोबर शब्द येत होते आणि मला हवे होते ते चुकीचे. त्या दुपारी मला कळलं की मी काय केलं होतं. घरात नवरा नाही, गावी आई नाही, आईला शेवटचं बघितलेलं नाही, आणि का, तर माझी दहावी. दिवसभर ती कुणाची तरी बायको होती, कुणाची तरी आई होती. त्या एका गाण्यात ती पोर होती. तेवढी एकच जागा तिला राहिली होती, आणि मी तिथे जाऊन तिला सांगितलं की ही जागा तुझी नाही. इथेही एक नवरा आहे, इथेही तो परदेशी आहे, इथेही तू चुलीपाशी पाट मांडून बसायचं आहे.

आणि यातलं एक अक्षर मी चुकीचं सांगितलं नव्हतं.

वडील माझ्या दहावीनंतर दोन वर्षांनी परत आले, पांढरे केस घेऊन. दुरुस्तीचं दुकान काढलं, बरं चाललं. ते जाऊन आता पुष्कळ दिवस झाले. अ‍ॅग्नेस आंटीही गेली. तिच्या मुलांनी घर विकलं, तिथे उंच इमारत झाली. गावठाणाच्या कोपऱ्यावरचा क्रूस आहे, त्याला अजून झेंडूची माळ असते, पण तो आता पार्किंगच्या दोन खांबांमध्ये उभा आहे. परवा एका बँकेला फोन लावला तर थांबवून ठेवल्यावर तीच चाल वाजायला लागली, शब्दांवाचून, बासरीवर. मी ती संपेपर्यंत थांबले. पलीकडची मुलगी म्हणाली, सॉरी मॅडम, तुम्हाला फार वेळ थांबायला लागलं. मी म्हटलं, काही हरकत नाही. काम काय होतं तेच विसरले होते.

बाय आता आमच्याकडे असते. पंच्याहत्तरीच्या पुढे आहे. कान थोडे गेलेत, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. जुईने फोनवर ते नवं गाणं लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, ती गॅलरीत ऊन घेत बसली होती. खाली कुणाचा तरी मुलगा भूगोलाच्या व्याख्या मोठ्याने म्हणत येरझाऱ्या घालत होता. मी तिच्या पायांना तेल लावायला बसले. लावता लावता म्हटलं, "बाय, ते आंटीचं गाणं म्हण ना. मरोळचं."

"कंचा? तो इंग्लिश?"

"हो. तू म्हणायचीस तसं."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, आठवत नसेल. चाळीस वर्षं झाली. मग ती ताठ बसली, पदर नीट केला, आणि बोळक्या तोंडात वर उरलेले दोन दात खालच्या ओठावर काळजीपूर्वक टेकवले.

"कीप अ सीट फॉर मी," बाय गायली, "बाय द फायर."

'फ' स्वच्छ होता. दोन्ही वेळा. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना शेवटपर्यंत जमला नाही असा. माझा हात तिच्या घोट्यावर थांबला.

"कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

"आग्नेसनं शिकवलान. तू कॉलेजात जायचीस तवा, दुपारची. म्हयनाभर घोकत व्हतो." ती सांगता सांगता स्वतःशीच हसली. "म्हटलं, पोर मास्तरीण व्हनार. आयशीनं चुकीचा गायला तर लोक तिला हसतील."

मी तेलाची वाटी उगाच इकडची तिकडे केली. मला तिला म्हणायचं होतं की ते जुनं गा, ते चुकीचं गा, मला तेच हवं आहे, दुसरं कुठेच मिळत नाही. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती, निकाल लागायच्या दिवशी मुलं बघतात तशी.

"बरोबर हाय ना गो?"

"बरोबर आहे, बाय."

ती खूश झाली, आणि तिने मला पुन्हा एकदा म्हणून दाखवलं. अगदी बरोबर.